नराची कातडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला घरात माणूस तरी कुठे आहे म्हणा — दहिवलीतल्या खोलीत मी आणि कुंडीतला ओवा. तुम्हाला सांगते.

खालापूरच्या बाजूला एका प्रयोगशाळेत मी उंदरांवर काम करते. आमचे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या बहीण-भावांच्या जोड्या लावून वाढवलेले, जुळ्यांसारखे एकसारखे. एकाची कातडी दुसऱ्याच्या पाठीवर लावली तर सुखानं रुजते. मेख एकच — आमच्या या जातीत नराची कातडी मादीचं शरीर ठेवून घेत नाही. फरक तेवढाच, पण तेवढा पुरतो.

त्या खेपेला सहा माद्यांवर मी मादीची कातडी लावली. निदान मला तसं वाटलं. तीन आठवड्यांनी सहाही तुकडे काळे पडून सुकायला लागले. ज्याची कातडी घेतली होती तो उंदीर फ्रीजरमधून काढून पाहिला. नर होता.

पिल्लं आईपासून तोडताना, शेपट्या उचलून, नर-मादी मीच निवडले होते. घाई होती का? नव्हती हो. आपली नजर चुकत नाही, असा मला तोरा होता.

पिंजरे धुणाऱ्या सुमनताई तिथे नऊ वर्षं होत्या. जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी बसणारं तेवढंच एक माणूस. तांदळाची अर्धी भाकरी न विचारता माझ्या डब्यात ठेवायच्या. साहेबांनी विचारलं आणि माझ्या तोंडून — किती सहज — निघालं, की धुताना उंदरांची अदलाबदल झाली असेल.

"मी नाय वो केली," एवढंच त्या म्हणाल्या, माझ्याकडे बघून. मी वहीत बघत राहिले. महिनाअखेर त्यांना कामावरून काढलं.

तेव्हापासून डबा एकटीच खाते. लिहायला लाज वाटते, पण आधी मला भाकरीची आठवण आली, त्यांची नंतर.

परवा कर्जतच्या बाजारात त्या दिसल्या. मी वळणार तोच त्यांनी हात धरला.

"मॅडम, लय इचार केला. माजंच ध्यान नसंल तवा. तुमचं येवढं काम फुकट गेलं. राग नका धरू."

आता तरी — आता तरी बोलायचं ना मी? भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"असू दे, सुमनताई," मी म्हटलं.

मी त्यांना माफ केलं.