भात्याची जीभ

‘डॉक्टर गेले’ अशी तार आली आणि रडू येण्याआधी मला त्या शब्दाचाच राग आला. दारव्ह्याच्या त्यांच्या दवाखान्यात ‘गेले’ म्हणायला बंदी होती, आणि ती माझ्यामुळे आली होती.

नागपुरात इंजिनिअरिंगला असताना मी आणि माझा एक वर्गमित्र सुटीत त्यांच्याकडे जायचो. मण्यार चावलेली माणसं श्वास थांबून त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत. “पूल बांधसान तवा बांधसान, आधी मले हवा भरनारं काही करून द्या,” ते म्हणाले. आम्ही लोहाराचा लहान भाता घेऊन त्याला रबरी मुखवटा जोडला. पण रोग्यानं सोडलेली हवा पुन्हा भात्यातच यायची. आम्ही वह्या चाळत बसलो. डॉक्टरांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून झडप बसवलीसुद्धा. तिला ते जीभ म्हणत. दाबलं की फस्स... सोडलं की टक.

पहिली रोगी आर्णीकडची सुभद्राबाई. सकाळी बैलगाडीतून आणली तेव्हा पापण्या मिटलेल्या, अंग लुळं. आम्ही पाळीपाळीनं भाता दाबत राहिलो. दुसऱ्या दुपारी माझे हात भरून आले. मी बोलून गेलो, “गेली ही, डॉक्टर. सोडा आता.”

तिच्या नाडीवरचं बोट न काढता ते म्हणाले, “थांबू नोको. अन् बोलाचंच असंल तर तिच्याशी बोल. तिले ऐकू येऊन राह्यलं.”

मला वाटलं, जागरणानं यांना भ्रम झाला. संध्याकाळी तिच्या पायाचा अंगठा हलला. चार दिवसांनी ती उठून बसली आणि माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, “भाऊ, ‘गेली’ म्हनलं नं तुमी? मी आतून वरडून राह्यली होती... आवाजच निंगे ना.” अंगावर काटा आला. अजून येतो. त्या दिवसापासून त्या खोलीत ‘गेला’, ‘गेली’ बंद. निघतानाही ‘येतो’च म्हणायचं.

मी पोचलो तेव्हा डॉक्टरांना त्याच खोलीत ठेवलं होतं. सुभद्राबाई त्यांच्या कानाशी बसून बोलत होती... यंदाचा कापूस, नातीचं बारसं. “बाई, आता काय उपयोग?” कोणीतरी म्हणालं. “तुमाले काय ठावं?” ती मान वर न करता म्हणाली. कोणी हसलं नाही. नाडी नीट पाहिली ना, हे माझ्या ओठांवर आलं होतं. दुसरे डॉक्टर तपासून गेलेत हे ठाऊक असूनही. मी मात्र आमच्या डॉक्टरांशी एक शब्द बोललो नाही. लोकांची लाज वाटली.

गेल्या आठवड्यात खोली आवरायला गेलो. भाता खुंटीवर होता, जीभ वाळून चिकटलेली. दाबून सोडला. फस्स... पुढे काहीच नाही. खुंटीला अडकवून दाराशी आलो आणि सवयीनं म्हणालो, “येतो, डॉक्टर.”

मागून आवाज आला. टक.

चिकटलेलं रबर उशिरा सुटलं असेल, एवढं मला कळतं. इंजिनिअर आहे मी. तरी परत आत गेलो, खाटेजवळ स्टूल ओढलं आणि त्यांच्याशी बोलायला लागलो.