कानाने लावलेला सेट

त्यांना सगळे फोरमन म्हणत. खिळ्यांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षे लोटली होती, पण हुद्दा त्यांना चिकटून राहिला होता. त्या कारखान्यात एका पत्र्याच्या छपराखाली तार कापून, टोक काढून, डोके ठोकणारी बत्तीस यंत्रे चालत. फोरमन दारात डोळे मिटून उभे राहत आणि सांगत, ‘अकरा नंबरचा साचा बोथट झालाय.’ यंत्र उघडले की तसेच निघे. मापाची साधने त्यांच्या खणात नवीच्या नवी पडून होती. एकतीस वर्षे त्यांनी सगळे कानाने लावले, आणि माणसाची किंमत ज्या गोष्टीने ठरते ती आपल्यापाशी आहे या खात्रीने निवृत्तीनंतरचा हौशी रेडिओचा सेटही त्यांनी कानानेच लावला.

परवान्याची परीक्षा ते साठाव्या वर्षी पास झाले होते. सेट घडवायला दोन वर्षे गेली. मोर्सची कळ दाबली की मापकाचा काटा दहा वॅटवर जाई. मायक्रोफोनमध्ये बोलले की तोच काटा अर्ध्या वॅटपाशी थरथरून खाली बसे. बोलण्यात शब्दांमध्ये फटी असतात, म्हणून काटा थोडा कमी दाखवणार, हे फोरमनना माहीत होते. पण दहाचा अर्धा होणे म्हणजे थोडे नव्हे.

ही केवळ हौस असती तर चिंतेचे कारण नव्हते. त्या खोऱ्यात नदी चढली की फोन बंद पडत, आणि मग घराघरांतले हौशी रेडिओ निरोप पोहोचवीत. अशा केंद्रांची एक यादी होती. बंदराच्या बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ ती सांभाळत. त्यांना नियंत्रक म्हणत. महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा वाजता ते एकेका केंद्राची चाचणी घेत. मागच्या दोन चाचण्यांत त्यांनी फोरमनना कळवले होते, ‘कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय ते कळत नाही.’ तिसऱ्यांदा असेच झाले तर नाव वगळणार होते. फोरमन राहत त्या घाटाखालच्या वस्तीत दुसरे केंद्र नव्हते. निवृत्त माणसाला कुणी कशासाठी विचारीत नाही. त्या यादीतली एक ओळ एवढेच फोरमनना आता विचारणारे उरले होते.

तिसऱ्या चाचणीच्या रविवारी ते सकाळी साडेसातपासून सेट उघडून बसले होते. तीन मायक्रोफोन बदलून झाले. मायक्रोफोनला वीज पुरवणारा रोध, म्हणजे रेझिस्टर, बदलला. बोलताना विजेचा दाब खचतो का, हे पाहायला बायकोचा धाकटा भाऊ, धंद्याने इलेक्ट्रिशियन, आपला मीटर घेऊन आला होता.

“भाऊजी, बारा व्होल्टला बारा आहेत. जरासुद्धा हलत नाहीत.”

“मग शेवटचे ट्रान्झिस्टर गेले असतील.”

“गेले असते तर कळ दाबल्यावर दहा वॅट कुठून आले? तुम्ही दोरीला साप म्हणून बडवताय.”

फोरमन उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले. मग मायक्रोफोन तोंडाशी धरून त्यांनी शीळ घातली. काटा आठवर गेला. बोलले, अर्ध्यावर आला. पुन्हा शीळ, पुन्हा आठ.

“यादीत शीळ घालून नाव लावता येतं का विचारा,” मेहुणा म्हणाला.

“तोंड आवर.”

बायको दारात येऊन उभी राहिली. तिने तीस वर्षे ग्रंथालयात काम केले होते, आणि तिचा आवाज इतका टिपेचा होता की वाचकांना ‘हळू बोला’ म्हणून बजावणारी तीच तिथली सर्वांत मोठी गडबड असे.

“चहाचं तिसऱ्यांदा विचारतेय. दोघांनाही ऐकू येत नाही का?”

मायक्रोफोनची कळ फोरमनच्या मुठीत दाबलेलीच होती. काटा सहावर उडी मारून खाली आला. दोघांनीही तो पाहिला.

“पुन्हा बोल,” फोरमन म्हणाले.

“चहा हवाय का?”

सहा.

“ती ओरडते म्हणून,” मेहुणा म्हणाला. फोरमन मायक्रोफोनवर खेकसले. अर्धा. मग त्यांनी तो बायकोच्या हातात दिला. “अगदी हळू बोल. कुणी आजारी झोपलंय असं समज.”

“काय बोलू? दिवाणखान्यात स्क्रू पसरलेत, हे बोलू?” ती पुटपुटली. काटा चारच्या वर राहिला.

आवाजाचा मोठेपणा हे कारण नव्हते, पट्टी हे होते. अशा सेटमध्ये एक अरुंद गाळणी असते आणि ती ठरावीक पट्टीतले स्वरच पुढे सोडते. त्या गाळणीच्या कडेपासून नेमक्या अंतरावर एक स्थिर लहर ठेवावी लागते. हे अंतर ट्रिमर नावाच्या लहानशा स्क्रूने ठरते. अंतर वाढले की खर्ज गळून पडतो आणि वरचे स्वर तेवढे उठून येतात. ऐकताना आणि बोलताना लहर तीच असते. फोरमनचा आवाज खर्जातला होता आणि तो गाळणीबाहेरच राहत होता.

“ट्रिमर चुकीचा लागलाय,” फोरमन म्हणाले. “पण असं कसं? महिनाभर बसून लावलाय मी तो. बोलणारा प्रत्येक माणूस काचेसारखा स्वच्छ ऐकू येईपर्यंत.”

मेहुण्याने हेडफोन कानाला लावला, इतर केंद्रांची बोलणी ऐकली आणि लगेच काढला.

“हे स्वच्छ? अहो, सगळे रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलतायत. नाकात.”

“तुला सवय नाही.”

“ताई, तू ऐक बरं.”

तिने ऐकले. हेडफोन टेबलावर ठेवताना ती नवऱ्याकडे पाहत नव्हती. “डब्यातच,” ती म्हणाली. मग म्हणाली, “कुकरच्या शिट्ट्या मी मोजते. तुम्ही मोजत नाही हे मला चार वर्षांपासून माहीत आहे.”

कारखान्याच्या अपघात-नोंदवहीत बोट तुटल्याची नोंद होते. कान गेल्याची होत नाही, कारण तो एका दिवशी जात नाही. तो रोज थोडा जातो, आणि वरच्या स्वरांपासून जातो. ज्याचा जातो त्याला जग पुटपुटते आहे असे वाटते, आपण कमी ऐकतो असे वाटत नाही. ज्या कानाच्या भरवशावर बत्तीस यंत्रे चालली, तो त्याच यंत्रांनी झिजवला होता. आणि फोरमननी आपल्या झिजलेल्या कानाला जुळेल असा सेट बसवून स्वतःचाच आवाज कोंडला होता.

नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती.

“लाव हेडफोन,” ते मेहुण्याला म्हणाले. “माणसासारखं ऐकू आलं की हात वर कर.” प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने ते ट्रिमर केसाकेसाने फिरवू लागले. दुसऱ्याच्या कानावर विसंबून त्यांनी आजवर काही लावले नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम आला. मेहुण्याचा हात वर गेला. फोरमन मायक्रोफोनमध्ये एक ते दहा आकडे बोलले. काटा पाच-सहाच्या आसपास नाचू लागला.

मग त्यांनी हेडफोन स्वतः लावला. आत भिंतीपलीकडे चाललेल्या बोलण्यासारखी गुणगुण होती. शब्द एकही नव्हता.

“पुढच्या आठवड्यात ऐकायला एक ट्रिमर आणि बोलायला एक, असे दोन बसवता येतील,” ते म्हणाले. “आज नाही.”

“आज कशाला?” मेहुणा म्हणाला. “ताई ऐकून कागदावर लिहील, तुम्ही वाचून बोला. त्यांना काय दिसतंय?”

दहा वाजता नियंत्रकांनी पुकारले. बायको हेडफोन लावून लिहीत गेली. ग्रंथालयातले तिचे अक्षर सुरेख होते. चाचणीचा निरोप होता: शाळेच्या गच्चीवर सतरा माणसे, त्यांत दोन आजारी, होडी उत्तरेकडून पाठवा. फोरमननी तो एकही शब्द न चुकता परत सांगितला. उत्तर लिहून तिने कागद पुढे सरकवला: ‘आवाज दमदार. निरोप बिनचूक. नाव कायम.’

मेहुण्याने टाळीसाठी हात पुढे केला. फोरमननी तो घेतला नाही. ते कागदावरच्या सतरा या आकड्याकडे पाहत होते. मग त्यांनी कळ दाबली.

“थांबा. निरोप मी ऐकलेला नाही. मला ऐकू येत नाही. बायकोनं ऐकून लिहिला, मी वाचला.”

“भाऊजी!” मेहुणा जवळजवळ ओरडला. “हातात आलेलं कुणी पाण्यात सोडतं का?”

“आणि ही घरात नसेल तेव्हा? मी सतराचे सात करीन.”

फोरमन बायकोच्या पेन्सिलीकडे बघत टेबलाच्या कडेवर बोट वाजवत राहिले. शेवटी पेन्सिल हलली. ‘लिहिणारी व्यक्ती घरी कधी नसते?’

त्यांनी तिच्याकडे पाहिले.

“मंगळवारी आणि गुरुवारी,” ती म्हणाली. “आमच्या थोरल्या ताईला उठवायला-बसवायला जाते ना मी. अंधार पडेपर्यंत.”

फोरमननी तसेच सांगितले. उत्तर आले: ‘नोंद केली. मंगळवार, गुरुवार सोडून. ते दोन वार कुणी सांभाळणार असेल तर कळवा.’ मग नियंत्रक पुढच्या केंद्राकडे वळले.

“छान,” मेहुणा मीटर पिशवीत घालत म्हणाला. “आता नदीला सांगून ठेवा वार बघून यायला.”

फोरमन पुन्हा खिडकीशी जाऊन आले. यादीतली ओळ राहिली होती, पण तिला दोन भोके पडली होती आणि ती त्यांना बसू देत नव्हती.

“मंगळवारी तुझे कान काय करतात?” त्यांनी विचारले.

“माझे?” मेहुणा दारात थांबला. “माझी कामं असतात, भाऊजी.”

“कामं तर थोरलीकडे जायचं म्हटलं तरी असतात तुला,” बायको म्हणाली. “दोन वर्षांत कितीदा गेलास?”

मेहुण्याने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“गुरुवारचं बघतो,” तो म्हणाला. “मंगळवारचं आत्ता विचारू नका.”

“लवकर सांग,” फोरमन म्हणाले. “आणि जरा मोठ्यानं सांग.”