पाळत, पेटी आणि गेलेलं नेट

इंटरनेटच्या कम्प्लेंट डेस्कवर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. फोन उचलायचा, "नमस्कार, बोला" म्हणायचं, की लोक नेटचं सोडून स्वतःचंच सांगायला लागतात. नेरूळमधल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी अकरा वर्षं हेच काम करतेय. मालकांना सोडलं तर आमचं ऑफिस म्हणजे तीन माणसं. फोनवर मी. मशीनच्या खोलीत देसाई सर, इंजिनीअर, इस्त्रीचा शर्ट, प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं मानणारे. आणि बाहेर रस्त्यावर काशीदादा, सारसोळ्याचे कोळी, तुटलेल्या तारा जोडणारे.

या दोघांत एक वाद कायम चालू असायचा. सरकारने पाळत ठेवली म्हणून नेट बंद पडू शकतं का?

सर म्हणायचे, "अजिबात नाही. पाळत म्हणजे झेरॉक्स. झेरॉक्स काढली म्हणून मूळ कागद गायब होतो का?"

काशीदादा म्हणायचे, "सर, झेरॉक्स काराला कागद मशीनवर ठेवावा लागतो ना? तेवरा वेल तो तुमच्या हातात नसतो!"

मी दोघांना चहा द्यायची आणि फोन उचलायची. तेव्हा मला सगळी गंमतच वाटायची.

* * *

वादाची सुरुवात झाली ती प्रधान काकांपासून. काका सीवूड्सला राहतात, रिटायर्ड, एकटे. एकदा त्यांचा फोन आला, आवाज अगदी हळू.

"मॅडम, माझं नेट रोज चार वाजता जातं. चार वाजता मी मित्राशी व्हिडिओ कॉलवर राजकारण बोलतो. लक्षात येतंय ना?"

"काका, तुमच्या एकट्याचं कोण कशाला ऐकेल?"

"मंत्रालयात तीस वर्षं फायली हलवल्यात मी. कोण काय ऐकतं ते मला नका सांगू!"

आठवडाभर रोज चारला त्यांचा फोन. शेवटी काशीदादा स्वतः तिकडे जाऊन बसले. काकांनी चहा दिला. चार वाजले. काकांनी कॉल लावला, पहिलं वाक्य बोलले, नेट गेलं!

काशीदादा उठून आतल्या खोलीत गेले. तिथे कामाला येणाऱ्या शांताबाई शांतपणे इस्त्री करत होत्या. इस्त्रीसाठी त्यांनी राउटरचा प्लग काढला होता. रोज काढायच्या. चार वाजता.

आम्ही पोट धरून हसलो. मी काकांना फोन करून म्हटलं, "बघितलंत? सरकार नाही, शांताबाई!"

काका म्हणाले, "मॅडम, गेल्या सोमवारपर्यंत ती इस्त्री सकाळी करायची. तिला चारची वेळ कोणी सांगितली?"

मी हसले. पण फोन ठेवल्यावर जरा विचित्र वाटलं खरं. शांताबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "काकांनीच मेसेज केला ना, चारला कर म्हणून." काका म्हणाले, मी कधीच केला नाही.

* * *

त्यानंतर महिन्याभराने आमच्याकडे दोन साहेब आले. साधे कपडे, गळ्यात ओळखपत्रं, हातात सही-शिक्क्याचं पत्र. कुठल्या खात्याचं ते मालकांनी आम्हाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मशीनच्या खोलीत दीड तास होते. जाताना एकाने माझ्या टेबलावरच्या तुळशीच्या रोपाकडे बघून म्हटलं, "पाणी जास्त होतंय." बस, एवढंच बोलले.

मागे ठेवून गेले एक राखाडी पेटी. चपलांच्या खोक्याएवढी, वर एक हिरवा दिवा, चारी बाजूंनी सील.

सर म्हणाले, "नियमात आहे. गुन्हेगार शोधायला लागतं. तुमच्या-आमच्या नेटशी काहीही संबंध नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्ध्या नेरूळचं नेट गेलं!

माझे दोन्ही फोन तापले. काशीदादा खुर्चीत मागे रेलून नुसते सरांकडे बघत होते. सरांनी तासभर शोधाशोध केली आणि हसत बाहेर आले.

"सापडलं! पेटी बसवताना त्या लोकांनी कपाटाचा दरवाजा जोरात लावला. आतली काचेची तार दरवाजात चेंगरली होती, ती आज तुटली."

"म्हंजे सर," काशीदादा म्हणाले, "पालत ठेवली म्हनूनच नेट गेलं ना?"

"पाळतीमुळे नाही हो! दरवाजामुळे!"

हे वाक्य आमच्या ऑफिसात वर्षभर चाललं. कोणी उशिरा आलं की, "लोकलमुळे नाही, दरवाजामुळे!" मालकांनी पगार लांबवला तरी, "दरवाजामुळे!"

* * *

पुढचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ते काशीदादांच्या घरापर्यंत गेलं.

सारसोळ्यात काही जुन्या घरांना पाडायच्या नोटिसा आल्या होत्या. देवळाच्या मांडवात गावाची सभा भरली. तरुण पोरं फोनवरून सभा लाइव्ह दाखवत होती, बाहेरगावचे नातेवाईक बघत होते. गावचे प्रमुख उभे राहिले, नोटिशीचा कागद वर धरला, आणि गावाचं नेट गेलं.

"सरकारनं बंद केलं!" असा गलका झाला. आणि मग कोणीतरी म्हणालं, "आपला काशी नेटवाल्यांकडेच कामाला हाय ना?"

त्या दिवसापासून गावाने त्यांच्याशी बोलणं सोडलं. चुलतभावाने तोंड फिरवलं. बायकोला मासळीच्या बाजारात शेजारणींनी जागा दिली नाही. काशीदादा ऑफिसात येऊन गुपचूप बसायचे, डबा तसाच परत न्यायचे.

खरं तर त्या दिवशी त्यांनीच धावत जाऊन बिघाड काढला होता. पाम बीच रोडच्या बाजूला, रस्त्याकडेच्या खड्ड्यात आमची केबल तुटलेली सापडली. शेजारीच जेसीबीचं काम चालू होतं. त्यांनी ती जोडली आणि खराब झालेला हातभर तुकडा काढून ठेवला. सर म्हणाले, "तो तुकडा गावात नेऊन दाखवा. जेसीबीने तोडली हे लोकांना डोळ्यांनी दिसू दे."

काशीदादा तुकडा घेऊन गेले. मांडवात चार म्हातारी माणसं होती आणि त्यांची येसूकाकी, ऐंशीची, जन्मभर जाळी विणलेली. तुकडा हातोहात फिरला आणि काकीकडे आला. तिने टोकावरून अंगठा फिरवला.

"पोरा, दगराला अरकून जालं फाटलं का सूत कसं होतं?"

"पिंजतं, काकी."

"मंग यो पिंजलाय का?"

काशीदादांनी निरखून बघितलं. टोक सुरीने काकडी कापावी तसं सपाट होतं.

"यो तुटलेला नाय," काकी म्हणाली. "यो कापलेला हाय."

गावाचा राग गेला. काशीवर विश्वास बसला, कारण खोटं बोलणारा माणूस असला पुरावा स्वतःच्या हाताने आणून देणार नाही! पण काशीदादांची झोप गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना हट्टाने मीटर लावायला लावलं. हा मीटर तारेत उजेड सोडतो आणि तारेला किती अंतरावर कुठे जोड आहे ते सांगतो. त्या पट्ट्यात आमचा जोड एकच, काशीदादांनी केलेला. मीटरने दोन दाखवले. दुसरा जोड तीनशे मीटर पुढे, अखंड काँक्रीटच्या रस्त्याखाली, जिथे आमचा खड्डा नाही, झाकण नाही, काहीच नाही.

काशीदादा हळूच म्हणाले, "इकरं कापलं, म्हनून आपुन इकरं धावलो. तवर तिकरं कोनीतरी त्याचा यो दुसरा जोर तारेला मारून घेतला."

मी सरांकडे बघितलं. सर मीटर पिशवीत भरत होते.

"मीटर जुना झालाय," ते म्हणाले. पुढच्या महिन्यात नवा मीटर आला. त्यानेही दोनच दाखवले.

* * *

यानंतर वादाची मजा गेली. सरांना ते सहन होईना. एक दिवस मशीनची खोली आवरताना त्यांना ती राखाडी पेटी दुसऱ्या कपाटात हलवायची होती. नियमाने परवानगी हवी म्हणून पत्रावरच्या नंबरला त्यांनी फोन लावला. स्पीकरवर. मी शेजारीच होते.

पलीकडच्या माणसाने काहीतरी तपासलं आणि म्हणाला, "तुमच्याकडची पेटी आम्ही परत आणली की. चार महिने झाले."

"अहो, माझ्यासमोर आहे! दिवा चालू आहे!"

"मग ती आमची नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

सर रागाने उठले, पेटीची वायर सॉकेटमधून उपटली. हिरवा दिवा गेला. आम्ही दोघं दहा मिनिटं फोनकडे बघत बसलो. नेट चालू. एकही कम्प्लेंट नाही.

"बघा!" सर ओरडले. "काढली तरी काही नाही, लावली तरी काही नाही! काही संबंध नाही!"

खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात घालून ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यादेखत कुलूप उघडलं. वायर सॉकेटमध्ये होती. हिरवा दिवा चालू होता.

सरांनी दार लोटलं आणि पुन्हा कुलूप लावलं. त्या दिवसापासून झेरॉक्सची गोष्ट त्यांनी कधी कोणाला सांगितली नाही. मालकांना सांगायचं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "काय सांगणार? नेट तर चालू आहे."

* * *

आता जे सांगते ते आम्ही तिघं बाहेर कोणाला सांगत नाही.

आमची मुख्य लाइन उरणच्या बाजूने येते, द्रोणागिरीतल्या गोदामांच्या रस्त्याने. एका दुपारी, तीनच्या सुमाराला, ती गेली. सगळंच बंद. काशीदादा स्कूटर काढून तिकडे धावले.

लोकांना वाटतं, नेट गेलं की कम्प्लेंट ऑफिसात फोनचा पाऊस पडत असेल. थोडं गेलं तर पडतो. पण आमच्या टेबलावरचे फोन आमच्याच नेटवर चालतात. मुख्य लाइन गेली की तेही मुके होतात. रिसीव्हर कानाला लावला तर आतून काही आवाज नाही. म्हणून सगळं बंद पडतं तेव्हा आमच्या खोलीत एकदम शांतता असते. मी पंख्याकडे बघत बसले होते.

फोन वाजला.

मला आधी कळलंच नाही की हे शक्य नाही. सवयीने उचलला. "नमस्कार, बोला."

पुरुषाचा आवाज. वयाने मोठा, सभ्य, स्वच्छ मराठी. "काशिनाथला खड्ड्यातून वर यायला सांगा."

"कोण बोलतंय?"

"आत्ता सांगा."

"का?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. मी "बरं, सांगते" म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला. मग स्वतःच्या मोबाइलवरून काशीदादांना लावला.

"ताई, आवाज नीट येत नाय, खड्ड्यात हाय मी. दोनच तारा रायल्यात."

"वर या."

"अवो, दोनच—"

"काशीदादा, वर या! आधी वर या!" मी एवढ्या जोरात ओरडले की आतून देसाई सर धावत आले.

काशीदादा बडबडत वर आले. झाडाखाली जाऊन पाण्याची बाटली उघडली. तेवढ्यात गोदामाच्या गेटमधून एक कंटेनरचा ट्रेलर मागे मागे येत बाहेर निघाला. ड्रायव्हरला मागचं दिसत नव्हतं. खड्ड्याभोवती लावलेले लाल त्रिकोण आडवे झाले, आणि मागचं चाक सरळ खड्ड्यात गेलं. तारा जोडायचं मशीन आत होतं. त्याचा चुरा झाला.

बऱ्याच वेळाने त्यांचा फोन आला. "ताई, तुमाला कोनी सांगितलं?"

संध्याकाळपर्यंत लाइन आली. काशीदादा परतले. आम्ही तिघं सरांच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. आमच्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक कॉलचं रेकॉर्डिंग होतं. सरांनी तीन वाजल्यापासूनची यादी काढली. नंबरच्या रकान्यात काहीच नव्हतं. पण रेकॉर्डिंग होतं.

सरांनी ते लावलं. फक्त माझा आवाज. समोरच्याच्या जागी नुसती शांतता, खरखरसुद्धा नाही.

"नमस्कार, बोला."

शांतता.

"कोण बोलतंय?"

शांतता.

"का?"

शांतता.

"बरं, सांगते."

इथे मी फोन ठेवला होता. मी सरांना म्हटलं, "झालं, बंद करा." पण रेकॉर्डिंग संपलं नव्हतं. पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती. आम्ही वाट बघत राहिलो. आणि मग पुन्हा माझाच आवाज आला, हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसा.

"हो, कालच घरी आणलं आईला. आता बरी आहे. सकाळी थोडी पेज घेतली तिने."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमच्या आईला काय झालं होतं?"

आई कालपर्यंत दवाखान्यात होती हे मी ऑफिसात कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि त्या माणसाशी फोनवर मी हे बोललेच नव्हते.