कृपाबाईचं पितळी ताट

शिरूरच्या मिशन कंपाउंडात कृपाबाईचं घर कुणाला विचारावं लागायचं नाही. आवाजाच्या दिशेनं चालत जायचं. आधी कुत्र्यांचा आवाज, मग बाईचा. बाईचा जरा जास्तच मोठा. रविवारी उपासनेला ती शेजारी येऊन बसली की बायका लुगडी आवरून घ्यायच्या, कुत्र्याचे केस चिकटतील म्हणून. घ्या बापडे! बाईला त्याचं काडीइतकं सोयरसुतक नव्हतं.

नवरा विल्यम मिशनच्या बागेत माळी होता, तो गेला. एकुलती लेक सारा दौंडला दिलेली. जावई येशुदास रेल्वेत फायरमन. मागं राहिली ती जुडी. जुडी मूळची मिससाहेबांची. मिशनच्या दवाखान्यातल्या ह्या गोऱ्या बाईंकडं कृपाबाईनं उमेदीची सगळी वर्षं स्वयंपाक केला होता. कायमचं मायदेशी निघताना मिससाहेबांनी भांडीकुंडी वाटून टाकली आणि कुत्रीची साखळी कृपाबाईच्या हातात दिली. जातिवंत जर्मन शेफर्ड, काळ्या पाठीची, ताठ कानांची. गावातली पोरं तिला 'अल्शेशन' म्हणायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्या 'लांडगी'. नगरच्या छावणीतल्या एका साहेबाच्या कुत्र्यापासून तिला पिल्लं व्हायची, आणि पार दौंडपर्यंतची माणसं ती मागायला यायची.

"बाई, पिल्लू तिखट हाय का?" आल्या आल्या पहिला सवाल हाच.

इथंच बाईचं टाळकं सटकायचं. "तिखट पायजे तर बाजारात जा आन् मिरच्या घे! कुत्रं न्हाई मिळायचं हितं!"

पण लोकांच्या डोक्यातनं तो शब्द काही जात नव्हता. न्हावऱ्याच्या कोंडिबानं तर हद्द केली. कुत्रं तिखट व्हावं म्हणून पिलाला भाकरीत ठेचा कालवून घातला शहाण्यानं! कानावर येताच बाई एस.टी.नं गेली, त्याच्या बायकोदेखत त्याची अशी बिनपाण्यानं केली की विचारू नका, आणि पिल्लू पदराखाली घालून परत घेऊन आली.

मिससाहेबांनी तिला एक गोष्ट शिकवून ठेवली होती. कुत्रं रागानं क्वचित चावतं, भीतीनं चावतं. धीट कुत्रं परक्या माणसासमोर उभं राहतं, बघतं, मग काय करायचं ते ठरवतं. भित्र्याला ठरवायला सवडच नसते. म्हणून पिल्लू घाबरलं तर घाबरू दे. सावरतं का तेवढं बघ. "घाबरावं, पन सावरावं," बाई गिऱ्हाइकांना सांगायची, अगदी वचन म्हटल्यासारखं.

आणि हे बघायची तिची रीत होती. पिल्लं घरभर धावायला लागली की फळीवरचं पितळी ताट काढायचं आणि उभ्यानं फरशीवर सोडायचं. खण्णकन आवाज व्हायचा, पिल्लं चौखूर पळायची. जे थांबून, मागं फिरून, ताट हुंगायला यायचं ते काळजाचं. जे खाटेखाली दडून दात दाखवायचं त्याच्यापासून पुढं पैदास नाही, मग ते दिसायला राजबिंडं का असेना. ह्या नियमापुढं बाईनं कुणाचंही कधी ऐकलं नव्हतं.

मग ती साथ आली. जुडीचं ते शेवटचं वेत. डोळे चिकटायचे, नाक वाहायचं, पाय झटके द्यायचे. एकेक करत पिल्लं गेली, आधीच्या वेतांची गावोगावची कुत्रीही गेली. बाई रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसायची, पण काही उपाय चालला नाही. एक मादी तेवढी वाचली. तिचं नाव हिरा. पुढच्याच महिन्यात म्हातारी जुडीही गेली. आता त्या वंशात हिरा सोडून कुणी नव्हतं. हिरा नाही, तर काहीच नाही.

बाईनं ताट टाकलं तेव्हा इलाही खाटीक दारात हाडांची पाटी घेऊन उभा होता. हिरा खाटेखाली गेली ती गेलीच. बाईनं हात घातला तर अंधारातनं गुरगुर. दिवेलागण झाली तरी बाहेर आली नाही.

बाईला रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी इलाही आला तेव्हा बाईनं फरशीवर गोणपाट अंथरलं होतं. ती खाली बसली आणि गुडघ्याइतक्या उंचीवरनं तिनं ताट सोडलं. थप् असा आवाज झाला. हिरा दचकली, आणि हळूहळू येऊन तिनं ताट हुंगलं.

"बघितलंस? आली का न्हाई?"

इलाही जरा घुटमळला. "बाई, ताट टाकलं का ठिवलं?"

"खाटकानं मला शिकवावं व्हय रं? आपली हाडं तोल!"

तो बिचारा पाटी उचलून निघून गेला. बाईनं ताट पुसून फळीवर ठेवलं. तिला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण जुडीचं नाव बुडू नये, ह्यापलीकडं तिला दुसरं काही दिसतच नव्हतं.

हिरा मोठी झाली, तिला पिल्लं झाली. खाण तशी माती! माणूस जवळ आलं की कोपऱ्यात अंग चोरून गुरगुरायची. गिऱ्हाइकं काय खूष! "आत्ता कसं! ही खरी तिखट!" आणि जन्मात पहिल्यांदा बाईनं तो शब्द मुकाट ऐकून घेतला. ताट ह्या वेळी फळीवरून उतरलंच नाही.

साराचा निरोप आला. येशुदास रात्री गाडीवर असतो, क्वार्टरात मी आणि पोर दोघीच, एखादं पिल्लू दे. बाईनं सगळ्यात हाडापेरानं मोठं निवडलं, मोती. नात दबोरा तेव्हा जेमतेम तीन वर्षांची.

पानशेतचं धरण फुटलं त्या वर्षाची गोष्ट. दुपारची वेळ, सारा नळावर गेलेली. दबोरा आपलं भाकरीचं ताट घेऊन खाटेवर बसायला निघाली आणि ते तिच्या हातनं निसटलं. खाटेखाली मोती झोपला होता. तो भुंकलासुद्धा नाही. पोरीचा डोळा वाचला. गाल आणि ओठ नाही वाचले. येशुदासनं घरी येऊन मोतीला पहारीनं मारलं.

बाई पोचली तेव्हा दबोरा दवाखान्यात होती, तोंडभर पट्ट्या, वर पोटात सुया. सारा आईजवळ आली नाही. लांबूनच म्हणाली, "ताट पडलं गं आई. नुसतं ताट पडलं." मग तिचं तिलाच काहीतरी आठवलं. त्याच घरात वाढलेली पोर ती. "तू टाकून बघितलंवतंस ना?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं बाईनं. निघालं मात्र दुसरंच. "न्हाई. भ्याले गं मी. जुडीचं समदं संपंल म्हनून भ्याले."

सारानं तोंड फिरवलं.

शिरूरला येऊन बाईनं गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं आणि हिराचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन सुई द्यायला लावली. हिरा शेवटपर्यंत तिचा हात चाटत होती. तिचा काय गुन्हा होता? मग बाकीची पिल्लं परत मागत बाई दारोदार हिंडली. कुणी दिलं, कुणी नाही. पाटसच्या एका बागाईतदारानं तर हसून वाटेला लावलं. "तिखट हाय म्हनून तर घेतलं, बाई! असूं द्या." त्याच्या अंगणात पोरं खेळत होती. बाईनं हात जोडले, पाया पडली. तो हसतच राहिला.

नाताळात सारानं तिला घरात घेतलं, कसंबसं. जेवणं झाल्यावर बाई भांडी घासायला बसली. साबणाच्या हातनं ताट निसटलं आणि फरशीवर आदळलं.

मागं वळून बघते तो दबोरा खोलीत नव्हती.

बाई खाटेशी वाकली. भिंतीला चिकटून, गुडघ्यांत तोंड खुपसून पोर बसली होती. बाईनं हात पुढं केला. आतनं बारीक आवाज आला, घशातला, शब्द नसलेला. तो आवाज बाईच्या ओळखीचा होता.

"ये माझी बाय ती. काय न्हाई, ताट हाय नुसतं. बघ, हात लावून बघ."

बाईनं ताट खाटेपर्यंत सरकवलं आणि तिथंच फरशीवर आडवी पडून राहिली. साराची भांडी आवरून झाली, बाहेर दिवेलागण झाली. पोर बाहेर आली नाही.