निघायच्या दिवसाचं धुणं

आमच्या आईसमोर इंग्लंडातल्या आमच्या हल शहराचा इतिहास काढायचा नाही. काढलात, तर संध्याकाळचं जेवण लांबलंच म्हणून समजा. कधीकाळी राजा शिपाई घेऊन वेशीवर आला आणि आमच्या लोकांनी त्याच्या तोंडावर दरवाजा लावला, हे ती अशा थाटात सांगायची की कडी हिनंच घातली असावी. "उभा केला मेल्याला पावसात! बंदर आमचं, दारूगोळा आमचा, आणि हा आयता मागायला आला."

मग तिचे खापरपणजोबा यायचे, ग्रीनलंडला देवमासे मारायला जाणारे. मग अमेरिकेला निघालेली, बोचकी घेतलेली परमुलखातली माणसं यायची आणि त्यांना स्टेशनवर पाव वाटणारी आईची आजी. आणि शेवटी लढाई, दुसरं महायुद्ध. अर्धं गाव बाँबनी सपाट झालं, तरी रेडिओवर म्हणायचे, 'ईशान्य किनाऱ्यावरचं एक गाव'. हा राग आईनं मरेपर्यंत सोडला नाही. "नाव घ्यायला जीभ झिजत होती का यांची?"

तिचं नाव आयव्ही. माझे बाबा, क्लिफ, ट्रॉलरवर, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या बोटीवर होते. आइसलँडच्या पलीकडे कॉड मासे धरायला जायचे, दोन-तीन आठवड्यांनी उगवायचे आणि कपडे वाळायच्या आत परत निघायचे. आई जाळी विणायची. आमच्या वस्तीतल्या, हेसल रोडच्या बायका एक तर जाळी विणत, नाही तर मासे साफ करत. हात इतके राठ की तिनं गालावरून हात फिरवला की मी ओरडायचे.

आणि एक नियम होता. घरचा माणूस समुद्रावर निघाला, त्या दिवशी धुणं धुवायचं नाही. धुतलं, की समुद्र त्याला धुऊन नेतो. धक्क्यावर पोचवायला जायचं नाही, हात हलवायचा नाही. देवमाशांच्या काळापासून बायका हे पाळत आल्या, असं आई सांगायची. मला या थेरांचा भयंकर राग यायचा. मी बसवर कंडक्टर झाले. माझ्या तोंडाला प्यालेले खलाशीसुद्धा टरकायचे. पण आईपुढे माझं काही चालायचं नाही.

मी लहान असतानाची गोष्ट. सोमवारी पहाटे बाबा पोतडी खांद्यावर टाकून गेले. आईनं पाठ फिरवून चहाची किटली घासली. मंगळवारी तिनं पाणी तापवलं, सगळं धुतलं, चरकातून पिळलं आणि गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी भरली. मधोमध बाबांचे शर्ट. तेवढ्यात शेजारची नेली आंटी धापा टाकत आली. "आयव्ही, काढ! काढ ते आधी! धुक्यानं बोट कालपासून धक्क्यालाच होती. आत्ता सुटतेय!"

आई जागीच थिजली. वाऱ्यानं बाबांच्या शर्टांच्या बाह्या हालत होत्या, नको तसा निरोप दिल्यासारख्या. मग तिनं सगळं ओरबाडून काढलं, मागच्या अंगणात नेलं, कोळशाच्या खोलीचं दार उघडलं आणि गुडघ्यांवर बसून ते पांढरे शर्ट कोळशाच्या भुकटीत चोळायला लागली. चादरी, उशांचे अभ्रे, माझा शाळेचा फ्रॉकसुद्धा.

"आई, माझा फ्रॉक!" मी भोकाड पसरलं.

"गप! हे धुतलेलंच नाही. कळलं? कुणी विचारलं तर धुतलेलंच नाही."

नेली आंटी क्षणभर बघत राहिली. मग बाह्या सारून तीही बसली.

बाबा परत येईपर्यंत आई धड जेवली नाही. गल्लीतलं कुणी तिला बोललं नाही, पण आमच्या टोकाला कुणी दोरी बांधली नाही. मी काळ्या फ्रॉकमध्ये शाळेत जायचे आणि पोरं चिडवायची. रेडिओवर वादळाचं नाव निघालं की आई टोपलीतल्या त्या काळ्या ढिगाकडे जाऊन उभी राहायची. माझ्या आईनं माझ्या बाबांना बुडवलं असेल का, हा विचार घेऊन मीही झोपायचे.

एका दुपारी दार वाजलं. बाबा. काखेत कागदात गुंडाळलेला मासा, तोंडभर हसू. त्यांनी टोपलीतला शर्ट उचलून उजेडात धरला. "अगं, मी नसताना खाणीत कामाला लागलीस की काय?"

आईनं तोच शर्ट हिसकावून त्यांना बडवलं, आणि मग त्याच शर्टात तोंड खुपसून रडली. तोंड वर काढलं तेव्हा नाक काळं. बाबांना कारण तिनं कधीच सांगितलं नाही, आणि मीही नाही.

पुढे मासेमारी बसली. धक्क्यालगतची गोदी बुजवली, त्यावर दुकानं आली. आई तिथे मोजे घ्यायला गेली की विक्रेत्या मुलीला सांगायची, "तू उभी आहेस ना, तिथे आमच्या क्लिफची बोट असायची." मुलगी बिचारी खाली बघायची. बाबा म्हातारे झाले आणि बिछान्यात, चहा पिऊन, शांतपणे गेले. आमच्या गल्लीत खलाशाला असं मरण म्हणजे चैनच.

त्यांची राख हंबर नदीच्या मुखाशी सोडायची होती. तशी त्यांची इच्छा होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, चादरी मळलेल्या. त्याच दिवशी सकाळी मी कपडे धुवायचं मशीन लावलं. ते थांबलं, मी ओल्या चादरी बाहेर काढत होते, तेवढ्यात आई काळा कोट घालून खाली आली आणि दारातच थांबली.

"जीन! आज? आज धुतलंस?"

"आई, बास झालं हं!" माझा तोल सुटला. "बाबा गेले! आता आणखी काय व्हायचंय त्यांना?"

ती खुर्चीत बसली. एवढीशी दिसत होती.

"गेला कुठे?" ती म्हणाली. "आज निघालाय तो. पोचायचाय अजून."

 

मी त्या चादरी उचलल्या आणि अंगणात गेले. कोळसा आता कुठून आणणार? जिरेनियमची कुंडी उपडी केली आणि गुडघे टेकून माती चोळायला लागले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. मागे आईची पावलं वाजली. चांगल्या कोटासकट ती माझ्या शेजारी खाली बसली.

"अभ्रा राहिला बघ," ती म्हणाली. "दे इकडे."