शेवटचा सीन राहिलेली पेटी

भाद्रपदातल्या एका दुपारी भूमहून वहिनीचा फोन आला. मी धाराशिवच्या बाजारात भाजी घेत उभी होते. वहिनी रडत नव्हती. म्हणाली, "वन्सं, तुमचे दादा गेले. जेवून पडले ते उठलेच न्हाईत." आणि पुढं, "ती पेटी अजून घरातच हाय." माणूस गेल्याच्या बातमीला ही कसली जोड, असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. मला वाटलं नाही. हातातली मेथी तशीच टाकून मी एसटी स्टँड गाठला.

विसूदादा माझा चुलत भाऊ. भूममध्ये त्याचं ड्रेपरीचं दुकान होतं. तालुक्यातल्या कुठल्याही शाळेचं गॅदरिंग असो, मावळ्यांचे अंगरखे, राक्षसांच्या मिशा, पत्र्याच्या तलवारी दादाकडूनच जायच्या. स्वभाव असा, की दिलेला शब्द आणि भाड्यानं दिलेली दाढी, दोन्ही परत जागेवर आल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. आम्ही त्याला चिडवायचो, की यमाचे दूत आले तर त्यांच्याकडूनही तू आधी मुकुट मोजून घेशील. तो हसायचा नाही. "ज्याचं त्याला गेलं पाहिजे," एवढंच म्हणायचा.

याच स्वभावापायी पेटी त्याच्या गळ्यात पडली. भूमच्या पुढं जो उघडाबोडका माळ आहे, तिथं एक सिनेमावाले आले होते. त्यांना परदेशातल्या जुन्या घोडेस्वारांची गोष्ट आपल्या दगडधोंड्यांत उभी करायची होती. टोप्या आणि चामडी पट्टे दादानं शिवून दिले, आणि त्याचं नेटकं काम बघून त्यांनी बंदुकाही एका पेटीत घालून त्याच्याच ताब्यात दिल्या. जुन्या धाटणीच्या, लोखंडाच्या. नुसता बार वाजायचा, गोळी सुटायची नाही. फौजदाराचं लांब नळीचं, फिरत्या चक्रीचं रिव्हॉल्व्हर. दरोडेखोराची रायफल, जिचा खालचा दांडा पुढं ढकलून मागं ओढला की खटकन आवाज यायचा. आणि विधवेचं पिस्तूल, तळहातात मावेल एवढं, एकावर एक दोन नळ्यांचं. दादा कुणाचं हत्यार दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नाही. फौजदार चहाला गेला तरी त्याचं रिव्हॉल्व्हर दादाच्या मांडीवर.

मग त्यांचं आपसात काहीतरी बिनसलं आणि शूटिंग थांबलं. एकच सीन राहिला होता. नवऱ्याला मारणारा झोपलेला असताना विधवा त्याच्या खाटेपाशी येते, तो. "पेटी सांभाळा, येतोच आम्ही," असं सांगून मंडळी गेली ती गेलीच. सिनेमा कुणी पाहिला नाही. दादानं पेटी घरी आणली.

खंडेनवमीला दादा शिवणयंत्र, कात्री, इस्त्री पूजेला मांडायचा. पत्र्याच्या तलवारी त्यानं कधी मांडल्या नव्हत्या, खोट्याची पूजा कसली म्हणून. पण बंदुका लोखंडाच्या आहेत, परक्याच्या आहेत, त्यांचा मान राहिला पाहिजे, असं त्याच्या डोक्यात आलं. वहिनी नको म्हणत होती. "एकदा हळद-कुंकू लागलं की ते खोटं राहत न्हाय," हे तिचं म्हणणं. दादानं ऐकलं नाही. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे करून बंदुका पाटावर मांडल्या आणि झेंडूची फुलं वाहिली. दसऱ्याच्या सकाळी बघतो तर बाकी सगळ्या जागच्या जागी, आणि विधवेचं पिस्तूल फिरलेलं. त्याचं तोंड दादाच्या खाटेकडे.

त्यानंतर दर दसऱ्याला हेच. मी जन्मभर दवाखान्यात नर्स होते. मेलेली माणसं उठत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक. मी म्हणाले, उंदीर असेल. एका वर्षी मुद्दाम मुक्कामाला गेले, पाट स्वतः मांडला. सकाळी पिस्तूल फिरलेलं होतंच. मी पुन्हा उंदीरच म्हणाले, पण चहा घेतला तो अंगणात जाऊन. पेटी देऊन टाक म्हणून दादाच्या मागं लागले, तर त्याचं एकच, "त्यांचा सीन राहिलाय गं… येतील की."

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा वहिनीनं मला आतल्या खोलीत नेलं. पिस्तूल ती स्वतःच फिरवायची, हे तिनं कबूल केलं. सड्याला उठली की आधी ते काम. दादानं घाबरून पेटी घराबाहेर काढावी, एवढीच तिची इच्छा होती. "पण गुडघे धरले तवापासून म्या खाली वाकलेच न्हाय, वन्सं," ती म्हणाली. "तरी ते फिरतच राहिलं. मीच शिकवलं का त्याला? माझ्यामुळं तर न्हाय ना गेले?"

मी तिचा हात धरला. दादाचं हृदय आधीपासून कमजोर होतं, हे तिला समजावलं. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की वहिनी थांबल्यावर ते काम दादानं हाती घेतलं असणार. त्याला सगळं माहीत होतं. बायकोची चोरी उघडी पडू नये म्हणून तो दरवर्षी ते पिस्तूल स्वतःवर रोखून ठेवत आला. तसं बोलल्यावर वहिनी पहिल्यांदा रडली. मग पदर आवरून हसलीही. तिथंच ठरलं, पेटी कॉलेजच्या नाटकवाल्या सरांना देऊन टाकायची.

वर्षाच्या आत घरात सण नाही, त्यामुळं यंदा खंडेनवमीला पाट मांडला नाही. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली वहिनीच्या कमरेला. दसऱ्याच्या सकाळी सर रिक्षा घेऊन आले. वहिनीनं किल्ली दिली, मी झाकण उघडलं. जुन्या धोतरात गुंडाळलेल्या बंदुका एका ओळीत होत्या. विधवेचं पिस्तूल धोतराबाहेर होतं, तोंड खाटेकडे. त्या खाटेवर आता वहिनी झोपते.

मी म्हणाले, गेल्या वर्षी दादानंच तसं ठेवलं असेल. वहिनीनं मान हलवली. "म्या हितंच उभी होते. ते गुंडाळत होते, म्या बघत होते. सगळ्यांची तोंडं भिंतीकडं." पेटी हलवताना सरकलं असेल, असं सर म्हणाले. पेटी हललीच नव्हती. तिच्या कडेनं वर्षाची धूळ तशीच होती.

मला वाटलं, वहिनी आता किंचाळेल. ती भिंतीचा आधार घेत, एकेक गुडघा दाबत खाली बसली. तिला जमिनीवर बसलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. सरांना तिनं परत जायला सांगितलं, पेटी द्यायची नाही म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "ते अजून फिरवत्यात, वन्सं," ती म्हणाली. तिचा चेहरा खूप दिवसांनी उजळला होता. "तुम्हाला भ्या वाटत असंल तर करा सरळ."

जन्मभर मी मढी हाताळली आहेत. त्या दिवशी एवढ्याशा पिस्तुलाकडे माझा हात गेला नाही.