हाताक काय झाला?

निघालो तेव्हा लिफ्टमध्ये शेजारचे देशपांडे भेटले. माझी बॅग पाहून त्यांनी कुठे निघालो ते विचारलं आणि ऐकून म्हणाले, "कोकणात? वर्क फ्रॉम होम म्हणजे मजा आहे बुवा तुमची!" मी "हो ना" म्हणून हसलो. खरं तर नोकरी जाऊन चार महिने झाले होते. ते फक्त बायकोला माहीत होतं. या खोटं बोलण्याला ती कंटाळली होती. "मावशीकडे चार दिवस राहून ये," असं तिनंच सुचवलं.

सकाळी सातला एसटीतून कट्टा या गावी उतरलो. तिथून मावशीच्या वाडीपर्यंत दोन मैल चालायचं. दोन्ही बाजूंना काजूच्या बागा, पिकलेल्या बोंडांचा आंबूस वास आणि लाल माती. पुण्यात सकाळी मान वर करून आभाळ बघितल्याचं मला आठवेना.

मावशीनं पेज (उकड्या तांदळाचा पातळ भात) वाढली, सोबत ओल्या काजूंची उसळ. उसळ इतकी आवडली की मी उत्साहात बागेत गेलो आणि चार ओले काजू हातानेच फोडले. सालीतल्या चिकानं बोटं भाजून निघाली. मावशीनं आधी पोटभर हसून घेतलं, मग खोबरेल लावून फडकं बांधलं.

त्या फडक्यानं मला गावभर प्रसिद्धी दिली. विहिरीवर, दुकानात, बांधावर, जो भेटेल तो विचारी, "हाताक काय झाला?" आमच्या सोसायटीत महिनाभर प्लॅस्टर घालून फिरलो तरी वॉचमनशिवाय कुणी विचारणार नाही. पण हाताच्या मागोमाग पुढचा प्रश्न येई, "रजा किती दिसांची?" तिथे मी काहीतरी पुटपुटून सटकायचो. गावच्या चौकसपणाचा मला थोडा वैतागच आला होता.

पाचव्या दिवशी सकाळी मावशी चुलीपुढे घावणे काढत होती. पाठ न वळवता म्हणाली, "चार दिस झाले, तुजो फोन एकदाव वाजलो नाय. काय झाला ता सांग."

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, घावणा उलटला आणि म्हणाली, "बरा. आंघोळ कर. देवळात जावया."

देवळात दहा-बारा माणसं होती. मावशीनं नारळ ठेवला आणि ती तिथल्या वयस्क गावकरदादांच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. दादांनी हात जोडून गाऱ्हाणं (देवापुढे मोठ्यानं मांडलेलं मागणं) सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! तुज्या पायाकडे इलेल्या ह्या लेकराची नोकरी गेली हा..."

माझे कान तापले. चार महिने जपलेली गोष्ट मावशीनं तासाभरात साऱ्या गावाला सांगून टाकली होती! मागच्या मागे निघून जावं असं वाटलं.

"चार म्हयने ह्येना कोणाक सांगूक नाय. तेचा मन हलका कर. तेका बरा काम गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात म्हणाले. त्यातल्या अर्ध्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवलेही नाहीत.

बाहेर पायरीवर एकानं सांगितलं, "माजो भाचो कुडाळाक कंपनीत आसा, इचारतंय." फुलं विकणारी बाई म्हणाली, "नायतर आमच्याकडे बागेत काजी काढूक येवा. पण हात संभाळून!" सगळे हसले, मीही हसलो. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

कायमचं तिथे राहणं मला जमणार नाही. वीज कधीही जाते, एसटी दिवसातून दोनदा, आणि सारखं कुणीतरी काहीतरी विचारणार. पण निघताना पाय जड झाले होते.

पुण्यात लिफ्टमध्ये पुन्हा देशपांडेच. "काय, कोकणातून काम झालं का नीट?"

"काम नाहीये," मी म्हणालो. "नोकरी गेलीय माझी. चार महिने झाले."

आमचा मजला आला. देशपांडे बाहेर पडले, पण बंद होणाऱ्या दाराला हात लावून तसेच उभे राहिले. मग त्यांचं लक्ष माझ्या बोटांवरच्या फडक्याकडे गेलं.

"आणि हाताला काय झालं?"

सांगायला बराच वेळ लागला. त्यांच्या घरी दोनदा चहा झाला.